हप्ता नका बघू, व्याज बघा: घरातलं कर्ज, रेपो रेट आणि सरकारची उधारी कशी वाचायची

कर्ज किती आहे असं कुणालाही विचारा, उत्तर हप्त्यातच येतं. "महिन्याला साडेएकवीस हजार जातात." मुद्दल किती राहिलं, दर काय चालूये, अजून किती हप्ते बाकी, हे विचारलं की गप्प. मी नाशिकला सिडकोत राहते, आमच्या बचत गटाचा हिशोब बघते, त्यामुळे आजूबाजूच्या बऱ्याच घरांची कर्जाची कागदं डोळ्याखालून जातात, आणि सगळीकडे हेच दिसतं की माणसं मेहनतीने, एकही हप्ता न चुकवता भरतायत पण नक्की काय भरतायत ते त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कॅल्क्युलेटर आणि कागद जवळ घेऊनच वाचा.

पहिलं काम एकच, एका कागदावर घरातलं सगळं कर्ज मांडायचं. सगळं म्हणजे सगळं. बँकेचं घराचं कर्ज, गाडी, पर्सनल लोन, सोनं ठेवून घेतलेलं, क्रेडिट कार्डाची बाकी, मोबाईल नाहीतर फ्रीजचे हप्ते, पतसंस्था, कंपनीतली सोसायटी, भावाकडून घेतलेले हातउसने, सराफ बाजारात सोनाराकडे राहिलेले पैसे. भिशी तुम्ही आधीच उचलली असेल तर उरलेले महिने जे भरायचेत ते पण कर्जच आहे, ते लिहा. आणि कुणाला पतसंस्थेत जामीन राहिला असाल तर ते वेगळ्या रंगाने लिहा, कारण करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, संस्था आधी त्याच्यामागे जाईल मग माझ्याकडे येईल असं काही नसतं. घरात नवरा बायको दोघांनी मिळून लिहा, एकमेकांपासून लपवलेलं एखादं कार्ड नाहीतर ॲपवरचं लोन असतंच आणि तेच सगळ्यात महाग असतं.

प्रत्येक कर्जासमोर लिहायचं: आज बाकी मुद्दल, वर्षाचा व्याजदर, तो फिक्स आहे की फ्लोटिंग (म्हणजे अधूनमधून बदलणारा), उरलेले हप्ते, महिन्याचा हप्ता, तारण काय. हे सगळं बँकेच्या ॲपवर लोन स्टेटमेंटमध्ये मिळतं, नाही मिळालं तर शाखेतून मागा. काही सुटतंय असं वाटलं तर क्रेडिट रिपोर्ट काढा, सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी कुठल्या एजंटला पैसे द्यायची गरज नाही. तुमच्या नावावर न घेतलेलं कर्ज दिसलं तर तिथेच ऑनलाइन तक्रार टाकता येते आणि ती ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

आता दर. प्रत्येकजण वेगळ्या भाषेत दर सांगतो आणि गोंधळ तिथेच होतो, म्हणून सगळे वर्षाच्या दरावर आणा. सावकार म्हणतो "तीन रुपये शेकडा", ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. कार्डावर "साडेतीन टक्के" लिहिलेलं असतं, ते पण महिन्याचं, वर्षाला ४२. आणि फ्लॅट रेट हा तर सगळ्यात फसवा, तो नीट समजून घ्या. एक लाख रुपये ३ वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅटने घेतले तर व्याज ३६ हजार, एकूण १ लाख ३६ हजार भागिले ३६ महिने, हप्ता साधारण ३,७७८. ऐकायला बारा टक्के. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करताय आणि तो मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण एक लाखावर व्याज लावतोय. घटत्या बाकीवर हाच हप्ता मोजला तर दर २१ टक्क्यांच्या वर निघतो. सेकंड हँड गाडी, टू व्हीलर, फर्निचर असल्या ठिकाणी कुणी दर सांगितला की पहिला प्रश्न हाच, फ्लॅट की रिड्युसिंग, म्हणजे घटत्या बाकीवर?

कागद भरला की दरानुसार वरपासून खाली लावा, मोठ्या रकमेनुसार नाही. लोकांना घरकर्जाचा आकडा मोठा दिसतो म्हणून त्याचंच टेन्शन, आणि साठ हजाराचं कार्ड "चालू आहे, भरतोय मिनिमम" म्हणून सोडून दिलेलं असतं. त्या साठ हजाराचा हिशोब बघा. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज २,१००, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३७८, झाले २,४७८. मिनिमम ड्यू पाच टक्के धरलं तर तुम्ही भरले ३,०००. मुद्दल कमी झालं ५२२ रुपये. तीन हजार खिशातून गेले आणि कर्ज पाचशे बावीसने कमी झालं, आणि त्यात पुन्हा तुम्ही कार्ड वापरताच आहात, आणि बाकी ठेवली असेल तर नवीन खरेदीवर पण पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

हे कर्ज पहिल्यांदा मारायचं, कसंही करून. कंपनीत कर्मचाऱ्यांची सोसायटी असेल, सातपूर-अंबडच्या बऱ्याच जुन्या कंपन्यांत असते, तर तिथून घ्या, समजा १२ टक्क्यांनी मिळालं तर त्याच साठ हजाराचं महिन्याचं व्याज ६०० रुपये होतं. नाहीतर थोडं सोनं बँकेत ठेवून घ्या. सोनं ठेवायला मन तयार होत नाही हे मला माहितीये, विशेषतः आईकडून आलेलं असेल तर, पण बेचाळीस टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून कपाटात पाटल्या ठेवणं परवडत नाही. अट एकच, कार्ड भरलं की त्याची लिमिट फोन करून कमी करून घ्यायची, नाहीतर सहा महिन्यांत कार्ड पण भरलेलं आणि सोनं पण बँकेत अशी वेळ येते. सोन्याचं कर्ज पूर्ण फेडलं की आरबीआयच्या नवीन नियमांप्रमाणे सात कामकाजी दिवसांच्या आत दागिने परत मिळायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, आणि घराचे मूळ कागद परत द्यायला ३० दिवस, तिथेही दिवसाला ५,०००. हे आकडे लक्षात ठेवा, शाखेत बोलताना उपयोगी पडतात.

आता घरकर्जाकडे येते, कारण इथे रक्कम मोठी आणि लक्ष सगळ्यात कमी.

आमच्या शेजारचे एक दादा अंबडला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहेत, २०२० मध्ये पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला, वीस वर्षांचं कर्ज. मागे आम्ही त्यांचं स्टेटमेंट बघत होतो. मी विचारलं, "दादा, हे कर्ज कधी संपतंय?" म्हणाले, "चाळीसला. ताई, हप्ता तर पहिल्यापासून तेवढाच आहे." कागदावर शेवटच्या हप्त्याचं साल होतं २०४९. दादांचं रिटायरमेंट त्याच्या कितीतरी आधी. हप्ता वाढला नाही म्हणून ते निवांत होते आणि बँकेने मुदत नऊ वर्षांनी वाढवलेली, मेसेज आला असेल पण कोण वाचतं.

असं का होतं ते आकड्यांत बघा. कोविडमध्ये मे २०२० पासून रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्के होता, त्यामुळे घरकर्ज सात टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. २५ लाख, २० वर्षं, ७ टक्के, हप्ता १९,३८२. दोन वर्षं भरल्यावर मुद्दल राहतं साधारण पावणेचोवीस लाख. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दर वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो साडेसहावर गेला, म्हणजे अडीच टक्क्यांची वाढ. आता दर साडेनऊ झाला, पावणेचोवीस लाखावर महिन्याचं व्याजच होतं जवळपास १८,८००. हप्ता तोच १९,३८२ ठेवला तर मुद्दलात जातात पावणेसहाशेपेक्षाही कमी, आणि हिशोबाने ते कर्ज फिटायला अजून ३७ वर्षं लागतील. सदतीस! अठरा वर्षांचं काम होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर स्पष्ट नियम काढला की दर बदलला की ग्राहकाला सांगायचं, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडं थोडं हे त्याला निवडू द्यायचं. बँकेच्या धोरणात असेल तर फिक्स दराकडे जायचा पर्यायही मागता येतो. पण निवड मागितली तर मिळते, गप्प बसलात तर मुदत वाढते.

तर स्टेटमेंटमध्ये सगळ्यात आधी "उरलेले हप्ते" बघा. मग सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) काढून आपलं कर्ज कशाला जोडलंय ते शोधा. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेलं फ्लोटिंग घरकर्ज बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेच्या बाहेर ठरणाऱ्या मूळ दराला जोडलेलं असतं, बहुतेक ठिकाणी तो रेपो रेट, आणि तीन महिन्यांतून किमान एकदा तुमचा दर त्याप्रमाणे रिसेट व्हायलाच पाहिजे. त्याआधीचं असेल तर एमसीएलआर नाहीतर बेस रेट या बँकेच्या स्वतःच्या मूळ दरांवर असेल, ते रेपोमागे फार हळू हळू येतं. आणि हाऊसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तिथे त्यांचा स्वतःचा मूळ दर (पीएलआर), रेपोशी जोडायचं बंधन त्यांच्यावर नाही, त्यामुळे बातमीत दर कमी झाले आणि तुमचं जैसे थे असं होतं ते यामुळे.

तुमचा दर म्हणजे बेंचमार्क अधिक स्प्रेड, म्हणजे बँक त्यावर वर लावते तो भाग. रेपो ५.२५ आणि तुमचा दर ८.७५ असेल तर स्प्रेड झाला साडेतीन, हा जास्त आहे. रेपो फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.५० होता तिथून उतरायला लागला आणि ५ डिसेंबर २०२५ ला ५.२५ वर आला, म्हणजे वर्षभरात सव्वा टक्का. तुमच्या जुन्या आणि नव्या दरात तेवढाच फरक पडलाय का ते ताडून बघा. पडला नसेल तर शाखेत तोंडी विचारू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. साधा मजकूर असा:

"माझ्या गृहकर्ज खात्याबद्दल खालील माहिती लेखी मिळावी. कर्ज कोणत्या बेंचमार्कला जोडलेलं आहे, सध्याचा स्प्रेड किती, मागचा रिसेट कोणत्या तारखेला झाला, आज बाकी मुद्दल आणि शिल्लक हप्ते किती, तसंच याच प्रकारच्या कर्जावर आज नवीन ग्राहकाला काय दर आहे. तो दर मला लागू करायचा असल्यास शुल्क किती तेही कळवावं."

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नवीन ग्राहकाला स्वस्त आणि जुन्याला महाग हे सर्रास चालतं, आणि शुल्क भरून दर बदलून मिळतो, पंधरावीस वर्षं बाकी असताना हे पैसे काही महिन्यांत वसूल होतात. नाहीच ऐकलं तर दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर. वैयक्तिक फ्लोटिंग घरकर्जावर मुदतीआधी फेडायचा दंड लावता येत नाही, तो नियम आता जुना झालाय तरी काही ठिकाणी लोकांना घाबरवतात. ट्रान्सफरला स्टॅम्प ड्युटी, व्हॅल्युएशन, वकिलाची फी असा खर्च येतो तो आधी जोडून बघा. शेवटची चारपाच वर्षं राहिली असतील तर ट्रान्सफरच्या भानगडीत पडू नका, व्याजाचा मोठा भाग तुम्ही आधीच भरून टाकलेला असतो.

आणि दर कमी झाला की बँक हप्ता कमी करून देते का मुदत, हे विचारा. इथे माझं ठाम मत आहे, हप्ता कमी करून घेऊ नका. २५ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता २१,६९६ येतो आणि पहिल्या महिन्यात त्यातले १७,७०८ व्याज असतं, मुद्दल फक्त ३,९८८. दर साडेसात झाला तर हप्ता २०,१४० होऊ शकतो, महिन्याला दीड हजार हातात राहतात, छान वाटतं. पण तोच जुना २१,६९६ चालू ठेवला तर कर्ज २४० ऐवजी साधारण २०५ महिन्यांत संपतं, म्हणजे जवळपास तीन वर्षं आधी, आणि हप्ता कमी करण्याच्या तुलनेत चार लाखांच्या आसपास वाचतात. तो हप्ता द्यायची सवय तुम्हाला आहेच, घर त्यात बसलेलं आहे. दिवाळीच्या बोनसमधून वर्षाला एक जास्तीचा हप्ता मुद्दलात टाकला, साडेआठ टक्क्यांनीच धरलं तरी, तर वीस वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांच्या आसपास येतं. भरताना पार्ट पेमेंट म्हणून भरा आणि "मुदत कमी करा, ईएमआय तोच ठेवा" असं लिहून द्या. हे सुरुवातीच्या वर्षांत जास्त लागू पडतं. पण हातात तीन-चार महिन्यांचा घरखर्च ठेवूनच, सगळे पैसे कर्जात घालून बसलात आणि ले-ऑफ आला किंवा कुणी आजारी पडलं की परत कार्डच काढावं लागतं.

आता हे दर ठरतात कुठे. शाखेतला मॅनेजर ठरवत नाही, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेची सहा जणांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसते आणि रेपो ठरवते, तिला महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २ ते ६ मध्ये ठेवायची जबाबदारी दिलेली आहे. महागाई वाढली की दर वर. कांदा आणि टोमॅटो महागले तर आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतात आणि तीच महागाई फिरून हप्त्यावर येते, दोन्ही आपलेच.

पण यात दुसरा एक मोठा हात आहे तो कुणी बघत नाही, सरकारची उधारी. केंद्र सरकारचं २०२५-२६ चं बजेट ५०.६५ लाख कोटींचं होतं, त्यात व्याजावरचा खर्चच १२.७६ लाख कोटी धरलेला, म्हणजे खर्चातला चौथा हिस्सा जुन्या कर्जाच्या व्याजात. त्या एका वर्षात बाजारातून १४.८२ लाख कोटी उचलायचं ठरलेलं. हे पैसे देणारे कोण, तर बँका, विमा कंपन्या, पीएफ, म्हणजे आपलेच साठवलेले पैसे. पोस्टातल्या बचतीतूनसुद्धा सरकार उचलतं. बँकांना तर आपल्या ठेवींच्या १८ टक्के रक्कम बहुतांशी सरकारी रोख्यांत, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाच्या कागदांत, ठेवावीच लागते. आता बँकेच्या जागी उभं राहून बघा, सरकारला दिलेले पैसे बुडत नाहीत आणि तिथे साडेसहा-सात टक्के मिळतायत, तर तुम्हाला-मला, जिथे बुडायची भीती आहे, त्याहून स्वस्त कोण देईल? सरकार जेवढं जास्त मागतं तेवढा हा खालचा पाया वर सरकतो. जून २०२५ मध्ये रेपो एकदम अर्धा टक्का उतरवला तरी पुढच्या दोन-तीन महिन्यांत दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा दर उलट वर गेला. म्हणून फिक्स दराची कर्जं, गाडीची, पर्सनल, रेपो उतरला तरी तेवढी स्वस्त होत नाहीत.

नाशिकमध्ये हे सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो, "नाशिकरोडला प्रेसमध्ये नोटा छापतातच ना, मग सरकार कर्ज कशाला काढतं, छापून टाकायच्या." प्रश्न चांगला आहे. करन्सी नोट प्रेस १९२८ पासून नाशिकरोडला आहे, पण किती नोटा लागतील ती मागणी रिझर्व्ह बँक नोंदवते, अर्थमंत्रालय आपली तूट भरायला तिथे ऑर्डर देऊ शकत नाही. पूर्वी जवळपास तसं व्हायचं, सरकारला पैसे कमी पडले की रिझर्व्ह बँक ॲडहॉक ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारच्या तात्पुरत्या उधारीच्या चिठ्ठ्या, घेऊन पैसे द्यायची, ते १९९७ मध्ये बंद केलं आणि २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्याने २००६ पासून सरकारचे नवीन रोखे थेट सरकारकडून विकत घ्यायलाही रिझर्व्ह बँकेला मनाई झाली. कारण छापून खर्च केला की महागाई, आणि महागाई म्हणजे तुमच्या एफडीची किंमत कमी आणि तुमच्या फ्लोटिंग हप्त्यावर वाढ.

हे कुठवर जाऊ शकतं ते श्रीलंकेने दाखवलं. सरकारने परदेशी चलनात कर्ज काढलेलं, कर कमी केलेले, पर्यटन बंद पडलं, परदेशी चलनाची गंगाजळी संपली, एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्ज फेडणं थांबवलं. त्याच महिन्यात तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर एका झटक्यात सात टक्क्यांनी वाढवला. पाव टक्का वाढला तर आपल्याकडे बातमी होते, तिथे सात. सप्टेंबरपर्यंत महागाई सत्तर टक्क्यांच्या घरात. ज्याने कोलंबोत नियमात राहून, झेपेल एवढंच कर्ज काढलं होतं त्या माणसाने काय चूक केली होती? आपल्या केंद्र सरकारचं बहुतेक कर्ज रुपयांत आणि देशातल्याच लोकांकडून आहे, म्हणून तसा धोका आपल्याकडे बराच कमी, हे खरं. तरी ज्या देशात सरकार खूप उधार घेतं तिथे घरातल्या माणसाने फ्लोटिंग दरावर मान ताणून कर्ज काढू नये. माझी मोजपट्टी: हप्त्यांची बेरीज हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांच्या आत, आणि तीही दर दोन टक्क्यांनी वाढला असं धरून. बँक पन्नास टक्क्यांपर्यंत देते, ती तिची सोय आहे.

सरकारच्या बाबतीत दोनच तारखा लक्षात ठेवा. १ फेब्रुवारीला केंद्राचं बजेट येतं तेव्हा वित्तीय तूट, म्हणजे खर्चाला कमी पडून उधार घ्यावी लागणारी रक्कम, हा आकडा बघा, २०२५-२६ साठी तो जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या उत्पादनाच्या) ४.४ टक्के ठरवला होता, आधीच्या वर्षी ४.८. हा उतरत असेल तर चांगलं. आणि मार्चमध्ये राज्याचं बजेट.

राज्याचं सांगायलाच पाहिजे कारण ते थेट घरात येतं. महाराष्ट्रावरचं कर्ज २०२५-२६ अखेर ९.३२ लाख कोटींवर जाईल असा अंदाज बजेटमध्येच होता, आणि लाडकी बहीण योजनेला त्या वर्षी ३६,००० कोटी. आमच्या गटात बऱ्याच जणींना ते दीड हजार येतात आणि त्या पैशाने कितीतरी घरात पहिल्यांदा बाईच्या नावावर काही जमतंय, मला त्याचं मोल आहे. पण त्या दीड हजाराच्या भरवशावर मोबाईलचा किंवा मायक्रोफायनान्सचा हप्ता बांधू नका. योजना राज्याच्या तिजोरीवर चालते, तिथे ओढाताण झाली की यादी तपासली जाते, पैसे उशिरा येतात, हप्त्याची तारीख मात्र सरकत नाही. आरडी करा, नाहीतर वरच्या कागदावरच्या सगळ्यात महाग कर्जात टाका.

तसंच कर्जमाफीचं. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे नातेवाईक असतील तर त्यांना हे नक्की सांगा. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत, २०१९ मध्ये दोन लाखापर्यंत माफी झाली, त्यामुळे पुढच्या माफीची वाट बघत पीककर्ज थकवायची सवय लागलीये. पण पीककर्ज तीन लाखापर्यंत ठरलेल्या तारखेच्या आत फेडलं तर केंद्राची तीन टक्के सूट आणि वर राज्याची पंजाबराव देशमुख योजना धरून व्याज शून्यावर येतं. शून्य टक्क्याचं कर्ज थकवून पुढच्या हंगामाला बँकेचं दार बंद करायचं आणि द्राक्षाच्या औषधांसाठी दुकानदाराकडे उधारीवर जायचं, यात नुकसान कुणाचं ते मांडून बघा. माफी आली तर आली, तिच्यावर हिशोब बसवू नका.

नवीन कर्ज घेताना फार वेळ लागत नाही, दोन कागद बघा. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक रिटेल कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं, त्यात एपीआर लिहिलेला असतो, म्हणजे व्याज, प्रोसेसिंग फी, इन्शुरन्स सगळं धरून वर्षाचा खरा दर. दोन बँकांची तुलना एपीआरवर करा, जाहिरातीतल्या दरावर नको. दुसरा कागद इन्शुरन्सचा, कर्जाबरोबर गळ्यात मारलेली पॉलिसी हवीये का ते स्वतः ठरवा. ॲपवरून घेत असाल तर पैसे कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या फायनान्स कंपनीच्या) खात्यातून थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत, कॉन्टॅक्ट आणि फोटोंची परवानगी मागणारं ॲप तिथल्या तिथे काढून टाका. सावकाराकडे जायची वेळ आलीच तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे त्याच्याकडे लायसन्स पाहिजे आणि दराला मर्यादा आहे, बिगरशेतकऱ्याला तारणावर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्के, शेतकऱ्याला ९ आणि १२. तीन रुपये शेकडा हे त्यात कुठेच बसत नाही. कोरा चेक किंवा जमिनीची खरेदीखतं करून मागत असेल तर तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाते.

हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकायच्या आधी शाखेत जा, रिस्ट्रक्चरिंगचा, म्हणजे हप्ता-मुदत नव्याने बांधून मागायचा, अर्ज द्या. एक-दोन हप्ते चुकले तरी दंड आकारता येतो पण तो मुद्दलात घालून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, नातेवाईकांना फोन करून बदनामी करता येत नाही, असं होत असेल तर कॉल रेकॉर्ड ठेवा. बँकेला लेखी तक्रार दिल्यावर ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, वकील लागत नाही, मराठीत लिहिली तरी चालते. पतसंस्थेची तक्रार मात्र तिथे चालत नाही, ती सहकार खात्याकडे, उपनिबंधकांच्या ऑफिसात, आणि तिथे जाताना सगळ्या पावत्या, पासबुक आणि दिलेल्या अर्जाची पोच यांच्या झेरॉक्स दोन सेट करून न्या, एकावर शिक्का मारून परत घ्यायचा.